विजय सुपर मिठावर: १०० मैलांच्या मागे लागलेल्या स्कूटरच्या नोंदी

२३ ऑक्टोबर

गाडी गॅरेजमध्ये आली. लखनौच्या स्कूटर्स इंडियाची. आपल्याकडे विजय सुपर म्हणून जी रस्त्यावर दिसायची तीच. इकडे कॅलिफोर्नियात सगळे तिला लॅम्ब्रेटा जीपी म्हणतात. लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या इनोसेंटीने मिलानमधलं उत्पादन १९७१ मध्ये बंद केलं, यंत्रसामग्री भारताने विकत घेतली आणि १९७२ मध्ये लखनौची कंपनी उभी राहिली, त्यामुळे दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. रंग चकचकीत, रंगाखाली पुट्टी भरपूर. आम्हाला रंगाशी कर्तव्य नाही. सांगाड्याची नळी सरळ आहे, हेडस्टॉकजवळ, म्हणजे हँडलचा दांडा बसतो तिथे, भेग नाही, एवढं पुरे.

ध्येय: युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किमी. गटाचा विक्रम वगैरे डोक्यात नाही. १० इंची चाकांची, हवेवर थंड होणारी, टू-स्ट्रोक स्कूटर आणि तीन आकडी वेग, बस्स.

चेतक का नाही, हे पुण्याचा प्रत्येक मित्र विचारतो. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला लटकतं. शहरात त्याची सवय होते, पण १५० किमीच्या पुढे, घसरड्या जमिनीवर, एका अंगाला जड गाडी मला नको. लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध आडवं बसतं, आणि तिचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, जवळजवळ १,२९० मिमी आहे, चेतक ज्या घराण्यातली त्या व्हेस्पापेक्षा चांगलाच लांब. सरळ जाण्याच्या कामाला लांब गाडी बरी.

३० ऑक्टोबर

सगळी उघडली. आतलं इंजिन ५७ × ५८ मिमी, १४८ सीसी. क्रँकच्या बेअरिंगला खेळ, मॅग्नेटो ६ व्होल्टचा, प्लॅटिनम पॉइंट झिजलेले. ठेवायचं ते: केसिंग, गिअरबॉक्स, सांगाडा, फोर्क. बाकी सगळं खोक्यात.

७ नोव्हेंबर

आज नुसती आकडेमोड. पाना हातात घेण्याआधी हे करायलाच हवं होतं, कारण इंजिनवर किती खर्च करायचा ते यावर ठरतं.

मिठागर समुद्रसपाटीपासून साधारण १,२८० मीटरवर आहे, महाबळेश्वरापेक्षा जरासंच खाली. पण ऑगस्टच्या दुपारी तिथे ३५ अंश तापमान असतं आणि तापलेली हवा आणखी विरळ होते. इंजिनाच्या दृष्टीने ती हवा २,३०० मीटरवरची असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून कितीतरी वरची. ऑक्सिजन कमी, ताकद कमी. इथपर्यंत सगळे सांगतात, आणि मग मोठ्या इंजिनाची चर्चा सुरू होते.

दुसरी बाजू मात्र कोणी सांगत नाही. हवा जितकी विरळ, तितकाच तिचा अडथळाही कमी. इंजिन घनतेच्या प्रमाणात दुबळं होतं, वाऱ्याचा रोधही घनतेच्याच प्रमाणात घटतो. दोन्ही खाती जवळजवळ फिटतात. फिटत नाही ते एकच: चाकाला मिठाचं घर्षण. ते हवेकडे बघत नाही.

हवेचा रोध वेगाच्या वर्गात वाढतो, आणि त्याला लागणारी ताकद घनात. १०० मैलांना, १ किलो प्रति घनमीटर घनतेच्या हवेत, गाडी आणि माणूस मिळून रोध-क्षेत्र, म्हणजे वाऱ्याला जाणवणारं आकारमान, ०.६२ चौरस मीटर धरलं (म्हणजे मी ताठ बसलेला), तर मागच्या चाकावर मीठ धरून ४१ हॉर्सपॉवर लागतात. मी पालथा झोपलो आणि ते क्षेत्र ०.३६ वर आलं, तर २५. नुसतं झोपल्याने १६ हॉर्सपॉवर! मूळ इंजिनाची सगळी ताकदही एवढी भरत नाही. म्हणून या प्रकल्पात आधी माणूस, मग पत्रा, मग इंजिन.

१५ नोव्हेंबर

मामांना फोन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथचं दुकान आहे. मी सांगितलं, सिलेंडर ६६ मिमी बोअरचा घेतोय, ५८ च्या स्ट्रोकवर १९८ सीसी होतात, हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, मात्र तुमच्याकडून हवं.

"मिठात गाडी घालाय लागलायस व्हय? आरं, गंज खाईल की तिला."

"मामा, दोन दिवसांचं काम आहे. नंतर धुऊन घेईन."

"बरं. माप मिलिमीटरात धाड. आणि कागदावर. फोनवरची मापं मी धरत न्हाई."

कागदावर: डोमचा व्यास, १४ मिमीचा प्लग मधोमध, पिस्टन आणि हेडमधली कडेची फट १.२ मिमी, कडेच्या पट्टीचा उतार पिस्टनच्या उतारापेक्षा एक अंश जास्त.

१९ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत इकडे आलेल्या काकूंच्या बॅगेतून हेड आलं. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढलेलं, सोबत कागदाच्या चिठ्ठीवर मामांच्या अक्षरात खरी मापं. सगळी दोन शतांशांच्या आत. कथिलाची तार घालून फट मोजली: चारही बाजूंना १.१८ ते १.२२. इथल्या दुकानात याचे मी पैसे मोजले असते आणि तरी पुन्हा घासावं लागलं असतं.

१० जानेवारी

सायलेन्सर. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिन, हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळा येतो, पण खरं आहे. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीतून पळते. रुंद होत जाणाऱ्या शंकूत ती उलटी, ओढणारी होऊन परत येते आणि सिलेंडर रिकामा करायला मदत करते. शेवटच्या निमुळत्या शंकूवर आपटून दाबाची लाट म्हणून परतते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा कोंबते. हे सगळं एकाच आरपीएमच्या आसपास जमतं, म्हणून लांबी आधी ठरवावी लागते.

आमचा पोर्ट १८६ अंश उघडा राहतो. हवं ते शिखर ८,५०० आरपीएमवर. गरम वायूतला ध्वनिवेग सेकंदाला ५१८ मीटर धरला, तर पिस्टनपासून परतीच्या शंकूपर्यंत साधारण ९४५ मिमी. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, पुठ्ठ्यावर आधी शंकू कापले, मग पत्र्यावर. वेल्डिंग शेजारच्या आजोबांनी केलं. ते निवृत्त मशिनिस्ट आहेत आणि पूर्वी मोटारसायकल घेऊन मिठावर गेलेले आहेत. नळी गाडीच्या पोटाखालून नेली, बाहेर कुठेही वाऱ्यात डोकावत नाही.

२४ जानेवारी

३० मिमीचा कार्ब्युरेटर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्या), नवा क्रँक, १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पंखा काढून टाक असं आजोबा म्हणाले: फ्लायव्हीलवरचा पंखा वरच्या आरपीएमला हॉर्सपॉवर-दीड हॉर्सपॉवर खातो. ठेवतोय. पूर्ण थ्रॉटलवर दोन मिनिटं सलग जायचं आहे, आणि झोपलेल्या माणसाच्या खाली, बंद पत्र्यात, त्या सिलेंडरला दुसरं कोण वारा घालणार? दीड हॉर्सपॉवर मी पत्र्यातून परत मिळवीन.

८ फेब्रुवारी

गिअरिंग. टायर ३.५०-१०, एका फेऱ्यात १.३४ मीटर. १०० मैलांना चाक मिनिटाला २,००० फेरे घेतं. सध्याचं एकूण गुणोत्तर ४.८, म्हणजे इंजिन ९,६०० वर. त्या आधीच ताकद गळून गेलेली असेल. पुढचं स्प्रॉकेट १८ दात्यांऐवजी २० चं घातलं की ४.३२, आणि इंजिन ८,६५० वर. मिठावर चाक थोडं घसरतं, ते धरून ८,९००-९,०००. २१ दातेही बसतील, पण मग चौथा गिअर ओढणारच नाही अशी भीती वाटते. २० ठरलं.

टायर स्कूटर रेसिंगचे, एस रेटिंगचे, १८० किमीपर्यंत. मूळ चाकाच्या दोन वाट्या बोल्टने जोडलेल्या असतात आणि आत ट्यूब. ते काढून ट्यूबलेस रिम.

२२ फेब्रुवारी

आज जुन्या गोष्टी चाळत बसलो. १९५१ साली इटलीत व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटाचं याच कारणावरून युद्ध पेटलं होतं. ९ फेब्रुवारीला रोम–ओस्तिया रस्त्यावर दिनो मात्सोन्चिनीने व्हेस्पाच्या 'सिलुरो'वर, म्हणजे टॉर्पेडोवर, एक किलोमीटरची सरासरी काढली ताशी १७१.१ किमी. इंजिन १२५ सीसी, एका सिलेंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. त्याच वर्षी ८ ऑगस्टला लॅम्ब्रेटाने उत्तर दिलं: म्युनिक–इंगोलस्टाट महामार्गावर रोमोलो फेरी, २०१ किमी, सुपरचार्जर लावलेल्या १२५ वर. दोन्ही गाड्यांत माणूस पूर्ण कवचात बंद होता. स्कूटर म्हणून त्यात ओळखीचं काही उरलं नव्हतं, असं माझं मत. माझ्या गाडीकडे बघून पोराने "स्कूटर!" म्हटलं पाहिजे, ही अट मी स्वतःला घातली आहे. पायापुढचं लेगशील्ड राहणार, साइड पॅनल राहणार, हँडलचं मूळ डोकं राहणार.

७ मार्च

लेगशील्ड कापलं, दोन्ही बाजूंनी ९० मिमी. पाय मागे नेऊन मागच्या अॅक्सलजवळच्या फूटरेस्टवर ठेवले की गुडघे त्या अरुंद पत्र्याच्या मागे लपतात. पूर्ण काढून टाकलं असतं तर गुडघे उघडे पडून रोध वाढला असता. ज्या पत्र्याने चिखल अडवायचा तोच आता वारा फाडायला ठेवला आहे. फूटबोर्डला खालून सपाट अॅल्युमिनियमचा पत्रा. स्टेपनी, तिचा स्टँड, डिकी, मागचा दिवा, नंबरप्लेटची पट्टी: गेली. सीटच्या मागे फायबरची शेपटी, माझ्या पाठीच्या रेषेत निमुळती होत जाणारी.

२८ मार्च

गावाबाहेरच्या जुन्या विमानतळावर क्लबचा दिवस होता. तिथे फक्त सोडून देऊन बघायची चाचणी: १०० किमीच्या वर नेऊन न्यूट्रल, आणि १०० वरून ८० किमीवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, दोन्ही दिशांनी, म्हणजे वारा वजा होतो.

ताठ बसून: ४ सेकंदांच्या किंचित वर. पालथं झोपून: साडेसहा. उलटी गणितं केली तर क्षेत्र ०.६२ आणि ०.३६. नोव्हेंबरचे अंदाज इतके जुळले की मलाच संशय आला. पुन्हा मोजलं, तेच.

पण हनुवटी टाकीवर टेकलेली असताना नुसतं डोकं वर करून पुढे बघितलं, तर सहाच्या आत. हेल्मेटचा मागचा कोपरा पाठीपासून सुटतो आणि मधल्या फटीत वारा घुटमळतो. शेपटी ४० मिमी उंच करायची.

१२ एप्रिल

१२० किमीच्या पुढे गाडी डुलते. हँडल नाही, सगळी गाडी, हळू, डावी-उजवीकडे. शेपटी लावल्यावर कमी झालं पण गेलं नाही. कारण साधं आहे: वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो वजनाच्या मध्याच्या मागे असायला हवा. स्कूटरचं वजन मागे आणि लेगशील्डचा पत्रा पुढे, म्हणजे नेमकं उलटं. उपाय दोन. शेपटीला उभा पत्रा, आणि पुढे, फोर्कच्या मागे, ९ किलोची लोखंडी पट्टी. वजन वाढलं म्हणून हळहळणारे मित्र रस्त्यावरच्या शर्यतीचे आहेत. मिठावर वेग घ्यायला दोन मैल मिळतात, ९ किलो कोण विचारतो. स्टिअरिंग डँपर तर नियमानेच लावावा लागतो.

३ मे

१४० किमीला सरळ. हात सैल ठेवूनही सरळ. पुढे बोलायचं कारण नाही.

२३ मे

डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र. मागच्या चाकावर २७.५ हॉर्सपॉवर, ८,७०० वर. ७,००० च्या खाली काहीच नाही, गाडी खोकत राहते आणि मग एकदम जागी होते. गिअर बदलताना ७,२०० च्या खाली येता कामा नये. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना जेमतेम जमतं.

मिठावर दुपारी यातले २३-२४ उरतील. कापलेल्या लेगशील्डनंतरचं क्षेत्र ०.३३ धरलं तर १०० मैलांना लागतात साधारण २३.५. आता वाऱ्याच्या झुळकेवर सगळं आलं.

२० जून

ऑगस्टमध्ये मिठावर स्पीड वीक, म्हणजे वेग मोजण्याचा मेळावा. त्याआधीच्या तपासणीची तयारी. तेलाच्या सगळ्या बोल्टना तार बांधली, म्हणजे सुटले तरी पडणार नाहीत. मनगटाला दोरी: पडलो तर इंजिन बंद. टायरच्या वॉल्व्हला धातूच्या टोप्या, कारण प्लास्टिकच्या त्या वेगात टिकत नाहीत. पेट्रोलचा कॉक हाताशी. एकसंध लेदर सूट उधार मिळाला. कमरेला घट्ट आहे, पण झोपल्यावर कमर मोजत कोण बसतं?

आजोबांची ताकीद वहीत लिहून ठेवतो: वेळ मोजतात त्या पट्ट्यातून बाहेर पडलास की थ्रॉटल झटकन बंद करू नकोस. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. थ्रॉटल मिटलास आणि इंजिन ८,००० वर फिरतच राहिलं, तर तेल नाही आणि पिस्टन जाम. क्लच दाब, थ्रॉटल थोडा उघडा, मग हळू.

ऑगस्ट, स्पीड वीक, पहिला दिवस

सॅक्रामेंटोहून आय-८० ने साडेआठशे किमी, रात्री वेंडोव्हर. निम्मं गाव युटात, निम्मं नेवाडात, आणि कॅसिनो सगळे नेवाडाच्या बाजूला. सकाळी मिठावर.

हिमयुगातलं बॉनव्हिल सरोवर आटून हे मीठ मागे राहिलं. थर आता पूर्वीपेक्षा बराच पातळ आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये पाणी आणि खराब मिठामुळे स्पीड वीक रद्दच करावा लागला होता. यंदा पांढरं, कोरडं, वरवर खरखरीत, पण हात लावला तर गार आणि दमट. ऊन खालूनही येतं. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत क्रीम लावा, असं आजोबांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

तपासणी पार पडली. तपासनीसाने एका तारेचं टोक आत वळवायला लावलं, एवढंच. नवख्यांची सभा झाली. रांगेत आमच्या पुढे एवढी लांब गाडी होती की तिचा ड्रायव्हर मला दिसतच नव्हता, मागे दोन व्ही-ट्विन. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, स्कूटर! पोराऐवजी बाई, पण अट पुरी झाली.

दुपारी पहिला रन, छोट्या कोर्सवर. मीठ डांबरासारखं नाही. मागचं चाक सतत किंचित तरंगतं, आणि ते तसंच सोडून द्यावं लागतं. काळी रेघ पकडून जायचं. समोरून वारा. वेगाची स्लिप: ९७.६१२ मैल.

प्लग चॉकलेटी-काळा. डायनोवरचा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) इथल्या विरळ हवेत जास्त पेट्रोल देतो, हे अपेक्षितच होतं, पण किती ते इथे आल्याशिवाय कळत नाही. दोन नंबर खाली. हॉर्सपॉवर-दीड हॉर्सपॉवर तिथे दडली असणार.

दुसरा दिवस

सगळे सकाळच्या रांगेसाठी धावतात, "गार हवा, जास्त ताकद" म्हणून. मीही गेलो, पण वेगळ्या कारणाने. गार हवा इंजिनाला जितकं देते तितकंच रोधाच्या रूपाने परत घेते. सकाळी मिळतो तो शांत वारा, आणि आमच्यासारख्या कमी ताकदीच्या गाडीला समोरच्या वाऱ्याचे ३ मैल म्हणजे जवळजवळ २ मैलांचा तोटा.

झेंडे लोंबत होते. चौथा गिअर पहिल्या मैलाच्या अलीकडे पडला. हनुवटी टाकीवर, कोपरं गुडघ्यांना चिकटलेली, डोळे वर वळवून रेघ बघायची. दुसऱ्या मैलाच्या पाटीला टॅकोमीटर ८,९००, मग ९,०५०, तिथेच स्थिर. तिसऱ्या मैलाची पाटी मागे गेली. क्लच, थोडा थ्रॉटल, हळूहळू उठून बसलो. उठताच वाऱ्यानेच ब्रेक लावल्यासारखं झालं.

स्लिप: १०१.२०४ मैल. १६२.९ किमी. गिअरच्या गणिताने ९,०५० वर जितका वेग हवा त्यापेक्षा सुमारे ३.३ टक्के कमी, म्हणजे तेवढी घसरण मिठात गेली.

मामांना स्लिपचा फोटो पाठवला. कोल्हापुरात रात्र होती, तरी लगेच उत्तर: "हेड कसं हाय?"

ऑगस्ट, घरी

पाइपने धुतली, मग गरम साबणपाण्याने, मग पुन्हा. मीठ नळीच्या तोंडात, पंख्याच्या पात्यांत, स्प्रॉकेटच्या मागे, स्पीडोमीटरच्या केबलमध्ये. लोखंडी पट्टीच्या कडेला दोन दिवसांत तांबूस रेघ आलीच. त्या एका बाबतीत मामा बरोबर होते.

हेड उघडलं. डोम स्वच्छ, कडेच्या पट्टीवर खड्डे नाहीत, म्हणजे डिटोनेशन (मिश्रणाचा अवेळी स्फोट) नाही. पिस्टनच्या एक्झॉस्ट बाजूला दोन बारीक उभ्या रेघा, नखाला लागत नाहीत. रिंग बदलणार, पिस्टन राहणार. रीडच्या एका पाकळीचा कोपरा उडालेला आहे, तो नेमका कुठल्या रनला उडाला ते प्लगवरून कळत नाही.

हिवाळ्याचं काम: ६२ मिमीचा सिलेंडर, १७५ सीसी, हाच सांगाडा, हाच पत्रा. ताकद १०-१२ टक्के घटेल, म्हणून क्षेत्र ०.३० च्या खाली न्यावं लागेल. पुढच्या चाकावर झाकणासारखी सपाट चकती आणि हँडलच्या डोक्यावर छोटं नाक, एवढ्यात बहुतेक भागेल. डोमचं नवं माप कागदावर लिहून मामांना पाठवलं.